गाळ आणि चाळणी : समुद्रतळावरील सूक्ष्म जीवांची ओळख



डिसेंबरात आपल्या आठवी-नववीची सहल गोव्याला जाऊन आली. सहलीनंतरच्या पालक सभेत एका पालकांनी मला सरळ विचारले, "मॅडम, एवढा खर्च करून मुले समुद्रावर गेली, तर शिकून काय आली? वाळूच ना?" सभेत हशा पिकला. मीही हसले. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. आज आहे, आणि ते उत्तर म्हणजेच हा लेख.

सहलीतून परतताना आठवीतल्या एका विद्यार्थिनीने दोनापावलाजवळच्या खाडीकाठचा थोडा चिखल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आणला होता. वर चार बोटे समुद्राचे पाणी, खाली राखाडी गाळ. तिने ती बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि मी ती "नंतर बघू" म्हणून कपाटात ठेवली. परीक्षा, वार्षिक स्नेहसंमेलन, तपासणी या गडबडीत चार दिवस गेले. कपाट उघडले तर सडक्या अंड्यासारखा वास! गाळ काळा पडला होता. मी शिपायांना हाक मारून म्हटले, "हे बाहेर फेकून द्या." ती मुलगी दारातच उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, फेकायच्या आधी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघू या ना."

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. माझे बी.एस्सी.चे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'अकशेरुकी' प्राण्यांची वर्गवारी मला तोंडपाठ होती. मराठीत त्यांना 'अपृष्ठवंशीय' म्हणतात हे मी शिक्षिका झाल्यावर शिकले. पण खरे सांगायचे तर समुद्राचा जिवंत गाळ मी तोवर कधीही भिंगाखाली पाहिला नव्हता. आम्हाला काचेच्या बरण्यांतले, फॉर्मॅलिनमधले नमुने दाखवले जात. त्या दिवशी प्रयोगशाळेत जे पाहिले त्याने मी आणि ती मुलगी दोघीही गप्प झालो. काळ्या, दुर्गंधीयुक्त पाण्याच्या त्या थेंबात केसाहून बारीक असे दोन-तीन पांढुरके धागे वळवळत होते. ते जिवंत होते. त्यांच्या शेजारी झिंग्याच्या चिमुकल्या पिलासारखे दिसणारे दोन जीव पडले होते. ते मेलेले होते.

धागे जिवंत आणि झिंगे मेलेले, असे का? या एका प्रश्नातून पुढचा सारा धडा उलगडतो.

चाळणीने ठरवलेली जात

समुद्राच्या तळाशी किंवा तळाच्या गाळात राहणाऱ्या जीवांना आपण तळजीव म्हणू. शिंपले, खेकडे, मोठे किडे हे डोळ्यांना दिसणारे तळजीव. दुसऱ्या टोकाला जीवाणू, जे साध्या डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत. या दोहोंच्या मध्ये एक मोठे जग आहे आणि शास्त्रज्ञांचेही त्याकडे बराच काळ पुरेसे लक्ष नव्हते. कारण अगदी घरगुती आहे : चाळणी.

तळाचा गाळ आणला की तो चाळणीवर ओतून धुतात. वर राहील ते मोजायचे, खाली जाईल ते पाण्याबरोबर सोडून द्यायचे, अशी पद्धत होती. आपण पीठ चाळतो तेव्हा वर राहिलेला कोंडा लक्षात येतो, तसेच काहीसे. 1942 साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, इंग्लंडच्या प्लिमथ येथे काम करणाऱ्या मॉली मेअर या संशोधिकेने या मधल्या आकाराच्या जीवांना स्वतंत्र नाव दिले. त्याच नावावरून आज त्यांना 'मायोफॉना' म्हणतात. ग्रीक भाषेतील 'मेइऑन' म्हणजे 'अधिक लहान'. आपण त्यांना सूक्ष्म तळजीव म्हणू.

त्यांची व्याख्या आजही चाळणीनेच होते. साधारणपणे 1 मिलीमीटर भोकांच्या चाळणीतून जे खाली पडतात, पण 63 मायक्रॉन भोकांच्या चाळणीवर अडतात, ते सूक्ष्म तळजीव. (1 मिलीमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो.) खोल समुद्रातले जीव आणखी लहान, म्हणून तिथे 32 मायक्रॉनची चाळणी वापरतात. म्हणजे ही काही एका कुळाची मंडळी नव्हेत. निरनिराळ्या घराण्यांतले लहान अंगाचे प्राणी एका चाळणीवर एकत्र आले, एवढेच त्यांचे नाते.

आता संख्या पाहा. किनाऱ्याजवळच्या गाळात एका चौरस मीटरमध्ये असे सुमारे 10 लाख जीव सापडतात. खाड्यांच्या चिखलात कधी कधी याच्या कितीतरी पट. दहा सेंटीमीटर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद, म्हणजे तळहाताएवढ्या चौकोनात 10 हजार! त्यांतले बहुतेक वरच्या काही सेंटीमीटरांतच असतात. सहलीत तुम्ही ज्या ओल्या वाळूवर किल्ले बांधले आणि क्रिकेट खेळलात, तिच्यात प्रत्येक पावलाखाली आपल्या शाळेच्या पटसंख्येपेक्षा मोठी वस्ती होती.

वस्तीतील काही रहिवासी

1. सूत्रकृमी : संख्येने सर्वांत जास्त. बहुतेक ठिकाणी एकूण सूक्ष्म तळजीवांच्या निम्म्याहून अधिक हेच असतात. लांबी बहुधा 1-2 मिलीमीटर किंवा त्याहून कमी. यांना फुप्फुस नाही, कल्ले नाहीत, हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत. अंग इतके बारीक की प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो. आपण सूत्रकृमी म्हटले की पोटातले जंत आठवतो. पण समुद्राच्या गाळात स्वतंत्रपणे जगणाऱ्या जाती हजारोंनी आहेत आणि त्या कोणाच्याही पोटात शिरत नाहीत. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ वीझर यांनी 1953 मध्ये त्यांचे तोंडाच्या रचनेवरून चार गट केले. कोणाचे तोंड दातविरहित व अरुंद, ते जीवाणू ओढून घेतात. कोणाचे रुंद. कोणाला दात, ते शैवालाच्या पेशी फोडून रस पितात. कोणाचे जबडे मजबूत, ते दुसऱ्या कृमींची शिकार करतात. तोंड पाहून आहार ओळखता येतो, जसा दातांवरून गाय आणि वाघ यांचा.

2. कोपेपॉड : बाटलीत मेलेले 'झिंगे' ते हेच. झिंग्यांचे दूरचे नातलग. ग्रीकमध्ये 'कोपे' म्हणजे वल्हे. यांचे पाय वल्ह्यांसारखे. गाळातले कोपेपॉड पाण्यात तरंगण्यापेक्षा कणांवर चालणे, सरपटणे पसंत करतात. मादी अंड्यांची पिशवी शरीराला लावून फिरते.

3. टार्डिग्रेड : यांना 'पाण्यातले अस्वल' असे लाडके नाव आहे. आठ आखूड पाय, डुलत डुलत चाल. समुद्रातल्या काही जातींच्या बोटांच्या टोकाला चकत्या असतात, त्यांनी ते वाळूच्या कणाला चिकटून बसतात. लाट आली तरी सुटत नाहीत.

4. किनोरिंक : इंग्रजीत यांना 'चिखलातला ड्रॅगन' म्हणतात. डोक्यावर काट्यांची वर्तुळे. डोके बाहेर काढायचे, काटे रोवायचे, अंग पुढे ओढायचे, पुन्हा डोके आत घ्यायचे. अशा रीतीने तो गाळात मार्ग काढतो.

5. लॉरिसिफेरा : यांची कथा ऐकण्यासारखी आहे. चिलखत घातल्यासारखे अंग असलेले हे जीव कणांना इतके घट्ट चिकटतात की धुतले तरी निघत नाहीत. फ्रान्सच्या रॉस्कॉफ येथील समुद्रातला नमुना तपासताना डेन्मार्कचे राइनहार्ट क्रिस्टेनसेन यांनी समुद्राच्या पाण्याऐवजी गोडे पाणी वापरले. खारट पाण्यातल्या प्राण्यांना गोड्या पाण्याचा झटका बसला आणि त्यांनी पकड सोडली. 1983 मध्ये त्यांनी हा प्राण्यांचा नवीन संघच असल्याचे जाहीर केले. लक्षात घ्या, नवीन जात नव्हे, संघ! पाठीचा कणा असलेले सारे प्राणी, मासा, बेडूक, चिमणी, आपण, हे सगळे मिळून एकाच संघात बसतात. तेवढ्या दर्जाचा एक गट, ज्या वर्षी कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, त्या वर्षापर्यंत विज्ञानाच्या यादीत नव्हता.

प्राणिसृष्टीचे सुमारे 35 संघ मानले जातात. त्यांपैकी वीसहून अधिक संघांचे प्रतिनिधी या मधल्या चाळणीवर सापडतात. एवढी विविधता जंगलातही नाही.

हे जीव काम काय करतात?

पालक विचारतील, असतील लाखो जीव, पण त्यांचा उपयोग काय? आपल्या शहरातल्या मुलांना ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय आहे. घरातल्या ओल्या कचऱ्याचे पुढे खत होते, हेही त्यांना ठाऊक आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर जगून मेलेले सूक्ष्म शैवाल, माशांची विष्ठा, नद्यांनी आणलेला पालापाचोळा, हे सारे शेवटी खाली बसते. समुद्रतळ म्हणजे पृथ्वीच्या बहुतांश भागाचा ओला कचरा जमा होण्याची जागा. तिथे घंटागाडी जात नाही. तिथले काम जीवाणू करतात आणि जीवाणूंचे काम सुरळीत ठेवण्यात सूक्ष्म तळजीवांचा मोठा हात असतो.

पहिले काम, जीवाणूंना खाणे. खाल्ल्याने जीवाणू संपतील असे वाटते; पण घडते उलट. गवत वेळोवेळी कापले की नवा कोवळा फुटवा येतो, तसे खाल्ले गेल्यावर उरलेले जीवाणू जोमाने वाढतात आणि कुजण्याची क्रिया चालू राहते.

दुसरे काम, गाळ हलवणे. बारीक चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलीमीटरपर्यंतच पोचतो. त्याखाली काळा थर असतो, तिथे जीवाणू गंधकाची संयुगे वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तोच सडक्या अंड्याचा वास. लाखो कृमी कणांमधून सतत ये-जा करतात तेव्हा कणांमधले पाणी हलते आणि वरचा प्राणवायू थोडा अधिक खोल जातो. एकट्या कृमीचे काम नगण्य, पण चौरस मीटरला दहा लाख कामकरी आहेत, हे विसरू नका.

तिसरे काम समजायला थोडे कठीण, पण सर्वांत महत्त्वाचे. मालव्याच्या गव्हाला आपण युरिया घालतो. त्यातला काही भाग पावसाबरोबर नाल्यात, नदीत आणि शेवटी समुद्रात जातो. शहराच्या सांडपाण्यातही नायट्रोजनची संयुगे असतात. समुद्रात ती जास्त झाली की शैवाल बेसुमार वाढते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. यावर निसर्गाकडे एक उपाय आहे : गाळातले काही जीवाणू नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करतात आणि तो निरुपद्रवी वायू हवेत परत जातो. 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी बाल्टिक समुद्राच्या गाळावर प्रयोग केला. ज्या गाळात सूक्ष्म तळजीव भरपूर आणि विविध होते, तिथे ही क्रिया जवळजवळ दुप्पट वेगाने झाली. हे काम जीवाणूंनीच केले, पण त्यांना ते करता यावे अशी परिस्थिती या चिमुकल्या प्राण्यांनी निर्माण केली.

चौथे काम, स्वतः अन्न होणे. अनेक माशांची नुकती जन्मलेली पिले आणि कोळंबी गाळातले कोपेपॉड खाऊन वाढतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर साल्मन माशांची पिले नदीतून समुद्रात येताना खाडीतल्या कोपेपॉडांवर पोट भरतात, हे चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे. ताटात येणारा मासा मोठा असला तरी त्याचे बालपण बहुधा अशा न दिसणाऱ्या अन्नावर गेलेले असते.

2008 मध्ये इटलीचे रोबेर्तो दानोव्हारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोल समुद्रातील 116 ठिकाणची माहिती एकत्र करून पाहिली. जिथे सूत्रकृमींची विविधता जास्त, तिथे तळाचे कामकाज नुसते थोडे नव्हे, तर कित्येक पटींनी अधिक चांगले चालत होते. उलट वाचायचे तर, थोड्या जाती गेल्या तरी कामाचे नुकसान फार मोठे होते.

बाटलीत जे झाले, ते समुद्रात होते

आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. धागे जिवंत का राहिले आणि कोपेपॉड का मेले?

बाटलीचे झाकण घट्ट होते. आतल्या जीवाणूंनी आणि प्राण्यांनी मिळून थोड्याच वेळात पाण्यातला प्राणवायू संपवला. मग काळा थर वर वर सरकला. कोपेपॉड प्राणवायूच्या कमतरतेला फार नाजूक, ते आधी गेले. सूत्रकृमींच्या अनेक जाती अगदी कमी प्राणवायूत, काही तर गंधकाच्या वासाच्या चिखलातही दीर्घकाळ तग धरतात. म्हणून सूत्रकृमी आणि कोपेपॉड यांचे प्रमाण पाहून किनाऱ्याचे प्रदूषण ओळखता येईल, अशी कल्पना 1981 मध्ये ब्रिटनच्या दोन शास्त्रज्ञांनी मांडली. पुढे तिच्यावर आक्षेप आले, कारण वाळू जाड की बारीक यावरही हे प्रमाण बदलते. एकाच आकड्यावर निदान करू नये, हा धडा त्यातून मिळाला. पण गाळातले जीव तळाच्या प्रकृतीची बातमी देतात, ही मूळ गोष्ट खरी ठरली.

आपल्या अरबी समुद्रात अशी 'बंद बाटली' निसर्गतःच आहे. सुमारे 150 ते 1000 मीटर खोलीदरम्यान प्राणवायू अतिशय कमी असलेला पाण्याचा जाड थर पसरलेला आहे. जिथे हा थर उताराच्या तळाला टेकतो, तिथल्या गाळात मोठे प्राणी विरळ होतात, कोपेपॉड कमी होतात आणि जवळजवळ सारा कारभार सूत्रकृमींच्या हाती जातो. शिवाय पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खालचे कमी प्राणवायूचे पण पोषक पाणी वर सरकते. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो. शैवाल वाढते, खाली पडून कुजते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास उथळ तळाशीही प्राणवायू जवळजवळ संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर' या नियतकालिकात लिहून दाखवले की ही स्थिती तीव्र होत आहे, आणि आपल्या शेतांतून व शहरांतून वाहत जाणारा नायट्रोजन हे त्याचे एक कारण असू शकते. ही संस्था 1966 मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय दोनापावला येथेच आहे. आपल्या मुलीने बाटली भरली ती जागा तिथून फार दूर नव्हती.

सव्वीस वर्षांनंतरचा माग

दुसरा प्रश्न खोल समुद्राचा. मध्य हिंदी महासागरात पाच किलोमीटरहून अधिक खोलीवर तळावर बटाट्याएवढे काळे गोळे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट हे धातू असतात. एक गोळा वाढायला दहा लाख वर्षांत काही मिलीमीटर इतका वेळ लागतो. तिथे सुमारे 75 हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात या गोळ्यांचा शोध घेण्यासाठी भारताने 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. त्याआधी 1997 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिथल्या तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळून पाहिला आणि त्याचा तळजीवांवर काय परिणाम होतो ते तपासले. 2021 मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली.

धातू लागतात, हे खरे आहे. मोबाइलची बॅटरी आपण सगळेच वापरतो. पण एक नोंद वाचून ठेवा. प्रशांत महासागरात 1978 साली असे गोळे काढून पाहण्यासाठी एक यंत्र तळावरून फिरवले गेले. 26 वर्षांनी, 2004 मध्ये, शास्त्रज्ञ त्याच जागी गेले. यंत्राच्या चाकोरीचा माग तसाच दिसत होता. त्या मागातल्या गाळात सूत्रकृमींची संख्या आणि जातींची विविधता, दोन्ही आजूबाजूच्या न दुखावलेल्या तळापेक्षा कमी होती. सव्वीस वर्षे! त्या काळात आमची एक पिढी शाळेत जाऊन, लग्ने करून, आपली मुले शाळेत घालून मोकळी झाली.

याचे एक कारण या जीवांच्या संसारात आहे. माशासारखी लाखो अंडी ते घालत नाहीत, थोडीच घालतात. बहुतेकांची पिले पाण्यात दूरवर तरंगत जाणाऱ्या अवस्थेतून जात नाहीत, तर थेट गाळातच वाढतात. उजाड झालेली जागा पुन्हा भरायला म्हणून वेळ लागतो. त्यातून खोल समुद्रात अन्न थोडे, थंडी फार. सगळा कारभारच संथ.

आपला आणि समुद्राचा संबंध

आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहतो. पण इंदूर पाणलोटाच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. कान्ह आणि सरस्वती कृष्णपुऱ्याला भेटतात. पुढे कान्ह शिप्रेत, शिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत आणि गंगा बंगालच्या उपसागरात जाते. शहराच्या दक्षिणेला घाट उतरला की चोरल नदी लागते. ती नर्मदेला मिळते आणि नर्मदा अरबी समुद्राला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. वाटेत गांधीसागर, सरदार सरोवर यांसारखी धरणे आहेत; त्यांत बरीच माती अडते. पण पाण्यात विरघळलेले खत आणि सांडपाण्यातला नायट्रोजन धरणाच्या भिंतीपाशी गाळासारखा खाली बसत नाही. आपण मोरीत जे ओततो त्याचा काही अंश कुठल्या तरी कृमीच्या दारात पोचतो.

हिंदीत गाळाला शास्त्रीय शब्द आहे 'अवसाद'. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मनाची खिन्नता. कॉलेजात तो शब्द वाचताना मला गाळ म्हणजे काहीतरी मेलेले, खाली बसलेले, उदास असेच वाटे. मराठीतला 'गाळ' हा शब्द 'गाळणे' या शब्दाच्या शेजारी राहतो, आणि या जीवांची सारी ओळख गाळण्या-चाळण्यातूनच झाली. आता मला तो शब्द अधिक बरोबर वाटतो.

करून पाहा

समुद्र नसला तरी नदीच्या वाळूतही सूक्ष्म जीव असतात : सूत्रकृमी, गोड्या पाण्यातले कोपेपॉड, चक्रधर प्राणी. महेश्वरला किंवा ओंकारेश्वरला जाल तेव्हा मोठ्यांच्या देखरेखीखाली काठाची मूठभर ओली वाळू आणि थोडे नदीचे पाणी रुंद तोंडाच्या बरणीत आणा. सांडपाण्याच्या नाल्यातली माती घेऊ नका.

1. बरणीचे झाकण सैल ठेवा. (माझी चूक तुम्ही करू नका.) शक्यतो दुसऱ्याच दिवशी पाहा.
2. वाळू भांड्यात घ्या, नदीचेच पाणी घाला, ढवळा आणि दहा सेकंद थांबा. जड वाळू खाली बसेल.
3. वरचे पाणी आधी पिठाच्या चाळणीतून व नंतर जुन्या रेशमी कापडातून गाळा.
4. कापडावर राहिलेला अंश चमचाभर पाण्यात झटका. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घ्या.
5. सूक्ष्मदर्शकाच्या कमी क्षमतेच्या भिंगातून पाहा. जे हलते त्याचे चित्र काढा. नाव आले नाही तरी चालेल.
6. झाल्यावर साबणाने हात धुवा.

विचार करा : (अ) बाटलीचे झाकण उघडे असते तर काय दिसले असते? (आ) चाळणीची भोके मोठी केली तर आपल्या माहितीत काय फरक पडेल? (इ) शेतात युरिया कमी घातल्याचा फायदा कोणाकोणाला होईल?

विश्वस्त मंडळींना विनंती

आपल्या प्रयोगशाळेत पाच सूक्ष्मदर्शक आहेत. त्यांतील दोन चालतात. तिघांचे आरसे आणि भिंगे दुरुस्त करून घ्यायची आहेत. नवीन घेण्यापेक्षा हा खर्च थोडा आहे. पुढच्या सत्राआधी हे झाले तर आठवीच्या वर्गात एका यंत्राभोवती वीस डोकी जमणार नाहीत. सहलीत मुले काय शिकली, या प्रश्नाचे उत्तर त्या भिंगांतून प्रत्येकाला स्वतः मिळेल.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. ज्या मुलीने ती बाटली आणली, तिचे नाव आपल्या गुणवत्ता फलकावर आजवर कधी लागलेले नाही. परीक्षेच्या चाळणीतून ती दर वर्षी सहज खाली जाते, आणि आम्ही शिक्षक वर राहिलेल्यांची मोजदाद करून थांबतो. बाटली फेकायला मी निघाले होते, थांबवले तिने. चाळणी कोणत्या भोकांची घ्यायची, हे ज्याच्या हातात चाळणी असते तो ठरवतो. यंदा विज्ञान प्रदर्शनात 'मूठभर वाळू' हा विभाग ती मुलगी सांभाळणार आहे. सर्वांनी अवश्य यावे.

– मुख्याध्यापिका